तिसरी ओळ

पाणी उकळून प्या, एवढंच सांगायचं होतं.
वादळानंतर टाकीत माती उतरलेली,
आणि नगरपालिकेच्या संगणकासमोर त्या दिवशी मी एकटाच.
लिहिलं तीन भाषांत, एकाखाली एक,
जशा या दरीतल्या सगळ्याच पाट्या असतात:
जर्मन, इटालियन, आणि तळाशी आमची लादीन,
पाच दऱ्यांच्या पलीकडे जिला कुणी ओळखत नाही.
डोक्यावर तीन छोटे झेंडे चिकटवले.
झालं काम, म्हणून सूप गरम करायला गेलो.

चार वाजता ओटिलिया मिरिबुंग आली,
पांढऱ्या काठीनं पायऱ्यांना एकेक टपली मारत.
टेबलावर बाटली ठेवली, अर्धी रिकामी,
तळाशी बोटभर गाळ.
"तुझं पान ऐकलं मी. दोनदा.
आणि मग तहान लागली."

तिनं फोन माझ्या कानाला लावला.
"चित्र," फोन म्हणाला. "चित्र. चित्र."
हे माझे झेंडे.
मग एक साहेबी आवाज, लंडनहून बर्फात घसरायला आलेला,
घाईघाईनं आमच्या ओळी चावू लागला:
आपकॉखनचं अ‍ॅबकोचेन,
बोल्लीरेचं बोलायर,
आणि लादीन तर त्यानं अशी म्हटली
जशी कुणी कुलपात भलतीच किल्ली घालून
रागानं फिरवतो.

"तीन भाषा येतात मला," ओटिलिया म्हणाली,
"जर्मन शाळेतली, इटालियन नवऱ्याची, ही आईची.
तू तिन्ही वाढल्यास,
आणि एक घास तोंडात गेला नाही."

पानाच्या पोटात शिरून पाहिलं.
ज्या कंपनीनं साचा विकला तिनं अगदी वर,
जिथे डोळसांची नजर कधी जात नाही,
लिहून ठेवलं होतं: हे पान इंग्रजी.
सहा वर्षं ते तसंच.
सहा वर्षं दफनाच्या वेळा, कचऱ्याचे वार, मतदानाची खोली
त्या साहेबाच्या तोंडून.
आणि ही बाई दर वेळी शेजारणीला विचारत राहिली,
आम्हाला वाटलं, तिला गप्पा आवडतात.

ती शेजारी बसली. एकेका ओळीला
तिचं नाव कानात सांगत गेलो आम्ही.
जर्मनला डी-ई.
आवाज बदलला, मधेच,
खोलीत दुसरी बाई यावी तसा.
"ही उत्तरेकडची दिसते," ओटिलियानं मान हलवली. "चालेल."
इटालियनला आय-टी.
झेंडे उतरवले. त्यांच्या जागी
भाषांची नावं, ज्या त्या भाषेत.

उरली तिसरी ओळ. एल-एल-डी.
सगळ्यात लहान भाषा, सगळ्यात लांब खूण.
लावली. फोन क्षणभर थबकला,
त्याच्या पोटात लादीनचा आवाजच नव्हता,
आणि मग इटालियन बाईच पुढचं वाचत सुटली,
प्रत्येक शब्दाच्या शेवटी कुल्ला हलवत.

"खूण काढून टाकू?"
"कशाला? जी जिची आहे ती तिची.
वाचणारा जन्मला की त्याला आपली ओळ सापडायला नको?
तोवर मी मनात दुरुस्त करीन.
नेपल्सच्या जावयाचं वीस वर्षं करतेय."

मी म्हटलं, तुम्हीच वाचा, मी आवाज भरून घेतो.
"मी काय नळ आहे, फिरवला की सुरू?"
पण दारातून वळली,
आणि तिसरी ओळ म्हणाली, सूचनेसारखी नाही,
पातेलं चुलीवर ठेवताना पोराला सांगतात तशी.
माझं यंत्र बंद होतं.

बाटली टेबलावरच राहिली.
गाळ हळूहळू पुन्हा खाली बसला.
संध्याकाळी पडदा काळा करून
सगळं पान पहिल्यांदा कानानं वाचलं.
"येथे क्लिक करा," पान म्हणालं.
"येथे क्लिक करा. येथे क्लिक करा."
कुठे, बाई?
दिवा लावला नाही.
पहिल्या ओळीपासून पुन्हा ऐकायला बसलो.